बॉक्स रूममधलं आदर्की

४ मे २०२५, रविवार

आजपासून रोजनिशी. सूड पद्धतशीर घ्यायचा असेल तर नोंदी हव्यात.

पार्श्वभूमी. गेल्या गणपतीत पद्माकर आमच्याकडे दर्शनाला आला. मखर मी केलं होतं. पुठ्ठ्याचं, कमानी, कळस, आतून दिवे. ह्याने ते पाहिलं, मान डोलावली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, वा कौमुदी, छान केलंयस गं. कौमुदी म्हणजे आमची कन्या, तेव्हा अकराची. तिने थँक्स काका म्हणून शाबासकी खिशात घातली. उर्मिला, माझी डॉक्टर बायको, हसली. बैठकीतले सगळे हसले. मीसुद्धा हसलो, तेच जास्त झोंबलंय.

पद्माकर इथे आयर्लंडात उर्मिलाच्याच हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. त्याचं स्वतःचं मखर पुण्याहून मागवलेलं. रेडिमेड. खाचेत खाच बसवली की झालं. आणि हा माझ्या कमानींना हसणार.

यंदा माझा देखावा असा: आदर्की रेल्वे स्टेशन. पद्माकरचे वडील तिथे स्टेशनमास्तर होते. साताऱ्याकडचा घाट, बोगदा, डोंगराला वळसा घालणारी लाइन, माकडं. प्रत्येक पार्टीत हेच ऐकवतो. तर त्याचंच आदर्की त्याच्यासमोर उभं करायचं. हुबेहूब. चालत्या गाडीसकट. डोंगरावर बाप्पा. मग बघू शाबासकी कुणाला मिळते.

चतुर्थी २७ ऑगस्टला. वेळ भरपूर आहे. मी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे. हे तर दोन तारांचं काम.

११ मे, रविवार

बॉक्स रूम, म्हणजे वरच्या मजल्यावरची अडगळीची छोटी खोली, ताब्यात घेतली. तिथली इस्त्रीची फळी, चार सुटकेसी आणि उर्मिलाच्या परीक्षांची पुस्तकं लँडिंगवर. उर्मिला म्हणाली, जिन्यातून चालायचं कसं, रवी? मी म्हटलं, कडेकडेने.

प्लायवूडचा बोर्ड खोलीतच जोडला. भिंतीपासून भिंतीपर्यंत, इंचभर वाया नाही. कौमुदीने दारात उभं राहून इंग्रजीत विचारलं की हा खाली बैठकीत नेणार कसा. दार लहान आहे, तिचं म्हणणं.

लहान आहे. पण मुळात खाली न्यायचाच नव्हता. गणपती यंदा वरच्या मजल्यावर. उंचावरचं दैवत उंचावर. पद्माकर जिना चढून येईल, धापा टाकत. हा फायदा आधी लक्षात आला नव्हता.

२५ मे, रविवार

रूळ बसवले. इंजिन ब्रिटिश आहे, आपल्याकडचं इथे मिळत नाही. उर्मिलाच्या नेलपॉलिशने रंगवलं. लाल छान बसला. तिने बाटली शोधली तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो.

स्टेशनची इमारत जर्मन किटची. थोडी लहान आली. स्टेशनमास्तर दारापेक्षा उंच दिसतो. वाकून जाईल. जुन्या इमारती अशाच असतात.

२ जून, सोमवार. बँक हॉलिडे.

पहिली चाचणी. गाडी निघाली, डोंगर जिथे होणार आहे त्याला वळसा घातला, परत मूळ रुळाला लागली आणि मेली. कंट्रोलरचा लाल दिवा लागला.

कंट्रोलर डिफेक्टिव्ह. बदलून आणणार. दुकानदाराला सोडणार नाही.

७ जून, शनिवार

नवा कंट्रोलर. तेच.

दुकानदार शांतपणे म्हणाला होता की वळसा घेऊन गाडी त्याच रुळावर उलट्या तोंडाने आली की प्लसची तार मायनसला भिडते. वळशाचा तुकडा तोडून त्याला उलटापालट करणारा स्विच लावा. मला हे माहीत होतं. मी फक्त तो सांगतो का ते पाहत होतो.

खऱ्या आदर्कीला लाइन वळसा घालून पुढे साताऱ्याला जाते, स्वतःला येऊन मिळत नाही. पण माझ्या बॉक्स रूमला पुढे सातारा नाही, भिंत आहे.

११ जून, बुधवार

उर्मिला हॉस्पिटलमधून बातमी घेऊन आली. पद्माकरचे वडील काल साताऱ्यात गेले. झोपेतच. पद्माकरला विमान मिळालं, पण वेळेवर नाही.

वाईट झालं. खरंच वाईट झालं. मेसेज पाठवला.

मग अर्धा तास बॉक्स रूममध्ये बसून विचार केला. देखावा वेगळा, वडील वेगळे. शिवाय रूळ बसलेले आहेत. काम चालू ठेवतो.

५ जुलै, शनिवार

पद्माकर परत आला. आईला घेऊन आलाय, वासंतीकाकूंना. तिकडे एकट्या कशा राहणार. आम्ही भेटायला गेलो. काकू खिडकीशी बसून रस्ता बघत होत्या. पद्माकर फारसा बोलत नव्हता. उर्मिला काकूंजवळ बसली. मला काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी पद्माकरला विचारलं की आदर्कीला पाण्याची टाकी स्टेशनच्या डावीकडे की उजवीकडे.

तो बोलायला लागला तो थांबेना. टाकी, चिंच, क्वार्टरची हिरवी दारं, घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, रात्रपाळीला वडिलांचा डबा पोचवायला हा जायचा. काकूंनी मध्येच सांगितलं की चिंच नव्हती, वावळा होता. मी सगळं फोनमध्ये टिपून घेतलं.

परत येताना गाडीत उर्मिला म्हणाली, आज पहिल्यांदाच तुझा मला अभिमान वाटला, किती वेळ बोलतं केलंस त्याला. शत्रूच्या तोंडून नकाशा काढून घेतला, ह्याला इंटेलिजन्स म्हणतात.

२० जुलै, रविवार

डोंगर झाला. आत जाळी, वर वर्तमानपत्रं, वर प्लास्टर. मातीसाठी चहाचा चोथा. महिनाभर घरातला चोथा साठवतोय. आलं वेचून काढलं, बरंचसं.

इथे वाळत काही नाही. जुलै असून आकाश ओल्या पंच्यासारखं. म्हणून चोथ्याचे ट्रे हॉट प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवले, टॉवेलांच्या वरच्या फळीवर. एक ट्रे कलंडला. उर्मिला आंघोळीनंतर टॉवेल घेऊन बाहेर आली ती चहा-गवतीचहाच्या वासाची. तिने हॉट प्रेसला कुलूप लावायची धमकी दिली. आपण ज्या घरात राहतो तिथे कलेची कदर नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

डोंगराला बुरशी आली. पांढरी, मग हिरवी.

बारकाईने पाहिलं तर अगदी पावसाळ्यातल्या घाटासारखी दिसते. ठेवतोय. असा हिरवा रंग विकत मिळत नाही. कौमुदी नाकावर हात ठेवून म्हणाली की हे ग्रोस आहे. पोरगी इथल्या नास गावची, तिला घाट काय कळणार.

४ ऑगस्ट, सोमवार. बँक हॉलिडे.

उलटापालटीचा स्विच बसवला. कुठे, हे महत्त्वाचं. बाहेर ठेवला तर दिसतो; दिसला तर रियॅलिझम गेला. म्हणून डोंगराच्या पोटात. डोंगराच्या माथ्यावर चौकोनी झाकण, झाकणावर चौरंग, चौरंगावर बाप्पा. गाडी वळशात शिरली की एक सेन्सर स्विच आपोआप फिरवतो. मनुष्याचा हात नको. एलिगंट.

कौमुदीने विचारलं की गणपती बसल्यावर झाकण उघडायचं असेल तर. मी म्हटलं, उघडावं लागत नाही अशीच डिझाइन असते, त्याला इंजिनिअरिंग म्हणतात. ती ग्रँड म्हणून निघून गेली. तिचं ग्रँड म्हणजे काय ते मला अजून नीट कळलेलं नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

चालली. सलग, न अडखळता, बोगद्यातून, वळशातून, परत स्टेशनात. शेजारचा पॅट पार्सल द्यायला आला होता, त्याला वर नेऊन दाखवलं. तो म्हणाला, ग्रँड जॉब. आयरिश माणूस उगाच स्तुती करत नाही. (करतो. पण ह्या वेळी नाही.)

पद्माकरला फोन केला. शनिवारी, तीसला, दर्शनाला या. आमचा गणपती पाच दिवसांचा, रविवारी विसर्जन. शनिवारी सगळं ऐन रंगात असेल. तो म्हणाला, आमच्याकडे यंदा गणपती नाही, बाबांचं वर्ष व्हायचंय. आईला नक्की घेऊन येतो, ती विचारतच होती इथे कुणाकडे असतो का म्हणून.

प्रेक्षक दोन. उत्तम. खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवलं: बोर्डासमोर, दिव्याच्या उजेडात. म्हणजे त्याचा चेहरा नीट दिसेल.

२६ ऑगस्ट, मंगळवार

मूर्ती आणली. शाडूची, छोटी, सोंड डावी. उर्मिला रात्री मोदक करणार. मी दिवसभर ऑफिसच्या कॉलमध्ये कॅमेरा बंद ठेवून वाक्य घोकलं. तो आत येईल, बघेल, काही बोलायच्या आत मी म्हणणार: हे कौमुदीने नाही केलं हं, पद्माकर. एवढंच. हलक्या आवाजात. मग गाडी सोडणार.

आरशासमोर म्हणून पाहिलं. हलका आवाज जमत नाहीये. दात दिसतात.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी.

प्राणप्रतिष्ठा झाली. मंत्र फोनवर लावले, अक्षता वाहिल्या, दूर्वा बागेतल्याच. त्या दूर्वाच आहेत की लॉन ह्यावर चर्चा नको. बाप्पा डोंगरावर असे शोभले म्हणून सांगू.

आरती सुरू झाली आणि मी बटण दाबलं. गाडी निघाली. स्टेशन. बोगदा. वळसा. आणि वळशाच्या तोंडाशी मेली. लाल दिवा.

आरती संपेपर्यंत मी टाळ्या वाजवत होतो पण लक्ष दिव्यात. नंतर बोर्डाखाली शिरून पाहिलं. सगळ्या तारा ठीक. म्हणजे स्विचची तार निघालीय. चौरंग ठेवताना धक्का बसला असणार. म्हणजे झाकण उघडायला हवं. म्हणजे बाप्पाला पाच मिनिटं बाजूला ठेवायला हवं.

उर्मिला म्हणाली, हात लावायचा नाही. प्रतिष्ठा झाल्यावर मूर्ती उत्तरपूजेपर्यंत जागची हलवायची नाही, हे तुला माझ्या तोंडून ऐकायला लागतंय? मी म्हटलं, पाचच मिनिटं. ती म्हणाली, देव काय मॉडेम आहे, काढून परत लावायला?

२८ ऑगस्ट, गुरुवार

ऑफिसला दांडी. कारण दिलं: घरी धार्मिक कार्य.

खालून प्रयत्न केला. बोर्डाखाली पाठीवर पडून, चिमट्याने, हँगरच्या तारेने, शेवटी उर्मिलाच्या कुठल्याशा सर्जिकल क्लॅम्पने. प्लास्टर फार मजबूत झालंय. मी केलंय ना.

नवा युक्तिवाद: देव हलवायचा नाही, चौरंग हलवला तर चालेल, देव चौरंगासापेक्ष स्थिरच. उर्मिलाने आधी हातातला क्लॅम्प काढून घेतला. मग म्हणाली, वासंतीकाकू गणपतीला येताहेत, तुझ्या गाडीला नाही. गाडी बंद राहिली तर राहिली.

हिला काही कळत नाही. बंद गाडी म्हणजे खेळणं. पद्माकर तिच्याकडे बघेल, मग माझ्याकडे बघेल, आणि काही बोलणार नाही. न बोलता हसेल. एक वर्ष, चोथा, बुरशी, सगळं त्या हसण्याला द्यायचं का मी? नाही देणार.

शोध लावला: कित्येकांकडे गणपती दीड दिवसाचा असतो, कित्येकांकडे तीन दिवसांचा. म्हणजे तीन दिवस शास्त्राला मान्य आहेत. पाच हा आमच्या घरचा आग्रह. आग्रह बदलता येतो.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

उर्मिला सकाळीच ऑन-कॉलला गेली, उद्या येईल.

कौमुदी शाळेतून आल्यावर उत्तरपूजा केली. ती म्हणाली, बट इट्स ऑन संडे. मी म्हटलं, यंदा तिथी बदलली. शिदोरीला दहीपोहे, दही ग्रीक, पण देवाला चालतं. मागच्या अंगणात बादली. पाऊस होताच. पुढच्या वर्षी लवकर या म्हणताना जरा अडखळायला झालं, कारण यंदा लवकर पाठवतोय. बाप्पा हळूहळू विरघळले. कौमुदीने एकदाही मोरया म्हटलं नाही, छत्री धरून नुसती उभी होती.

मग झाकण उघडलं. एक तार. एक स्क्रू. दोन मिनिटांचं काम.

गाडी लोण्यासारखी चालतेय.

३० ऑगस्ट, शनिवार, सकाळी

उर्मिला ड्यूटीवरून आली, चपला काढून थेट वर गेली नमस्कार करायला. खाली आली. भांडली नाही. एक कप चहा केला, स्वतःपुरता, आणि झोपायला गेली.

भांडली असती तर मुद्दे तयार होते.

चार वाजता येताहेत. रिकाम्या चौरंगावर सुपारी ठेवावी का? नको. फोकस गाडीवर हवा. खुर्ची, दिवा, वाक्य. सगळं तयार.

३१ ऑगस्ट, रविवार

काल लिहिलं नाही. आज लिहितो.

आले. काकूंना जिना जमेना. पद्माकर मागून आधार देत होता, उर्मिला पुढून हात धरून. प्रत्येक पायरीवर थांबत होत्या. मी वर बटणावर बोट ठेवून उभा. काकूंनी पांढऱ्या रुमालात दूर्वा आणल्या होत्या. त्यांच्या बागेतल्या, निवडून, जुडी बांधून. सकाळभर तेच करत होती, पद्माकर म्हणाला, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी करायला उठली.

आत आल्या. चौरंगाकडे पाहिलं. दूर्वांचा हात तसाच पुढे. म्हणाल्या, गणपती कुठायत?

माझं वाक्य तोंडात होतं. हे कौमुदीने नाही केलं हं. ते काही तिथे बसेना. उर्मिला भिंतीकडे बघत होती. आणि कौमुदी, तिला कुणी विचारलं नव्हतं, तिच्या त्या भरधाव नास-छाप इंग्रजीत सांगून मोकळी झाली की बाबांनी गणपती कालच बादलीत घातला, कारण त्याच्याखालची वायर निघाली होती आणि त्यांना तुम्हाला ट्रेन चालवून दाखवायची होती.

काकूंना अक्षरही कळलं नाही. त्या वळून म्हणाल्या, काय म्हणतेय रे पोर?

पद्माकरने माझ्याकडे पाहिलं. ह्याच क्षणासाठी खुर्ची मांडली होती मी, दिव्यात. त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. सगळं कळलं होतं त्याला. हा हसेल असं वाटलं. हसला नाही. आईला म्हणाला, रवीला सुट्टी मिळाली नाही गं, म्हणून विसर्जन कालच करावं लागलं. तुझ्यासाठी आदर्कीची गाडी तेवढी ठेवलीय त्याने.

मी बटण दाबलं. दुसरं काय करणार होतो.

काकू खुर्चीत बसल्या. दूर्वा चौरंगावर ठेवल्या, हात जोडले, मग गाडी बघत राहिल्या. गाडी एकदाही अडली नाही. त्यांनी वावळा ओळखला. हिरवं दार ओळखलं. दाराबाहेरच्या स्टेशनमास्तरकडे बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, एवढे उंच नव्हते हे. मग पदर डोळ्याला लावला, आणि म्हणाल्या, ह्यांना दाखवायला हवं होतं. उर्मिलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कौमुदी खोलीतून निघून गेली. मी गाडी थांबवू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाल्या.

दाराशी पद्माकरने माझा हात हातात घेतला. गाडी छान चालते, म्हणाला. मी वाट बघत होतो की आता एकट्याला गाठून सुनावेल. सुनावलं नाही. आईला गाडीत बसवायला गेला.

आज सकाळी त्याचा मेसेज: आई विचारतेय पुढच्या रविवारी परत येऊ का. मी लिहिलं, या ना. उर्मिला कालपासून माझ्याशी एकच वाक्य बोललीय: दूर्वा सुकल्या तरी काढू नकोस.

अपमान केला असता तर तो मला पुढचं वर्षभर पुरला असता. हे जे केलंय त्याने, ह्याचं काय करायचं, मला कळत नाही.